हाडवैद्य चिकन खायला जातो

कारखान्यात त्याला सगळे हाडवैद्य म्हणायचे. आता हाडवैद्य म्हणजे मोडलेलं जोडणारा, आणि हा गडी गेली सत्तावीस वर्षं जोडलेलं सुटं करत आला होता. डोक्यावरच्या आकड्यांना उलट्या टांगलेल्या सोललेल्या कोंबड्या सरकत यायच्या, आणि तो एकेकीचा पंख आणि तंगडी मोकळी करून पट्ट्यावर टाकायचा. दिवसाला दोन-अडीच हजार. पण सुरी एकदाही हाडाला लागायची नाही. सांध्याच्या फटीत शिरायची, मनगटाला जरासा पीळ, टक्, की पंख हातात. ‘कोंबडीलासुद्धा कळत नाही आपली तंगडी गेली ते,’ असं पोरं त्याच्याबद्दल कौतुकानं सांगायची. कोंबडी त्याआधीच मेलेली असायची, ही गोष्ट वेगळी.

सोळा वर्षांपूर्वी त्याला कटाई विभागाचा सुपरवायझर केला, आणि त्याच वर्षी त्यानं मुठीची तपासणी सुरू केली. त्यामागं कारण होतं. कटाईच्या खोलीत थंडी इतकी, की बोटं बधिर व्हायची आणि सुरी लागलेली अर्धा तास कळायची नाही. कळली तरी लोक लपवायचे. जखमी माणसाला क्रेट धुवायला पाठवत आणि त्याची जागा दुसऱ्याला मिळे, म्हणून. एकानं तर तीन दिवस कापलेला अंगठा हातमोज्यात लपवला. चौथ्या दिवशी मोजा काढला तेव्हा वासानंच शेजारच्याला भोवळ आली. अंगठा गेला, माणूसही कामावरून गेला.

तेव्हापासून रोज सकाळी हाडवैद्य सगळ्यांना रांगेत उभं करायचा. ‘पंजे पुढं. मूठ आवळ. उघड. आवळ. उघड.’ पाच वेळा. मोजा कितीही जाड असो, दुखरं बोट लपत नाही. बाकीची चार मिटतात आणि ते एक मागं राहतं, शाळेत उशिरा येणाऱ्या पोरासारखं. हाडवैद्याची नजर बरोबर तिथं जायची. मग तो त्या माणसाला चारचौघांत असा फैलावर घ्यायचा, की पुढचे सहा महिने कुणी खरचटलेलंही लपवू नये.

चिकन मात्र तो खात नसे. ‘दिवसभर जिच्या पोटात हात घालतो, तिला संध्याकाळी तोंडात कोण घालील?’ असं त्याचं म्हणणं. त्यामुळं जावयाचा फोन आला, की रविवारी दुपारी सगळ्यांनी कोरियन चिकन खायला जाऊ, तेव्हा त्याला हसावं की रडावं कळेना.

‘बाबा, तुमच्याच धंद्यातली चीज आहे. तुम्हाला आवडणारच!’ जावई म्हणाला होता. असा हा हुशार माणूस. न्हाव्याच्या वाढदिवसाला केसांची पिशवी न्यावी, तशातली गत.

पण नाही म्हणता येत नव्हतं. मुलगी चार महिन्यांत घरी आली नव्हती. फोनवर ‘बरी आहे, बरी आहे’ एवढंच. त्याआधी आली होती ती एका सकाळी, फुटलेला ओठ घेऊन. दोन तास स्वयंपाकघरात बसून राहिली. हाडवैद्यानं तिला चहा दिला, ‘अगं, भांड्याला भांडं लागायचंच’ म्हणून समजावलं, आणि स्वतः स्कूटरवर मागं बसवून नवऱ्याच्या दारात नेऊन सोडली. जावयाला म्हणाला, ‘जरा हात आवरा, जावईबापू. पण हिचीही जीभ लहानपणापासून लांब आहे, ते मला ठाऊक आहे.’ दोघं पुरुष हसले. मुलगी आत निघून गेली. परत येताना हाडवैद्याला वाटलं, प्रकरण आपण किती शहाणपणानं मिटवलं!

बायकोला तसं वाटलं नव्हतं. त्या दिवसापासून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती. तशी ती कमीच बोलायची. लग्नानंतरची पहिली अकरा वर्षं हाडवैद्यानं तिच्यावर हात उचलला होता. कधी जेवण गार म्हणून, कधी उत्तर दिलं म्हणून, कधी दिलं नाही म्हणून. सुपरवायझर झाला त्या वर्षी सोडलं. ओरडायला चाळीस माणसं मिळाली, हेही त्याचं कारण असेल. पण सोडलं, आणि सिगारेट सोडलेल्या माणसाला असतो तसा त्याला त्याचा अभिमान होता. आपण सुधारलो, विषय संपला.

रविवारी घराला कुलूप लावताना बायको म्हणाली, ‘आज तिला नीट बघायचं. बघून ठरवायचं, तिकडं ठेवायची की आणायची.’

‘मी बघतो ना,’ हाडवैद्य म्हणाला. ठरवणारा तोच होता, याबद्दल त्याला शंका नव्हती.

हॉटेल साधंच होतं. काचेचा दर्शनी भाग, पत्र्याच्या माथ्याची टेबलं, भिंतीला लागून लांब बाकं. प्रत्येक टेबलावर एक कात्री, एक चिमटा, खायच्या लाकडी काड्या आणि पातळ प्लॅस्टिकच्या हातमोज्यांचं खोकं. मुलगी आणि जावई आधीच बाकावर बसले होते. जावई उठून पाया पडल्यासारखं वाकला. मुलगी हसली, पण उठली नाही. ती कोपऱ्यात भिंतीच्या बाजूला बसली होती, जावई बाहेरच्या बाजूला. तिला उठायचं झालं, तर आधी त्यानं उठायला हवं, अशी ती रचना होती.

चिकन आणणाऱ्या बाईनं मोठी थाळी मधोमध ठेवली. अर्धी कुरकुरीत सोनेरी, अर्धी लाल चकचकीत सॉसमध्ये घोळलेली, बाजूला मुळ्याच्या पांढऱ्या आंबट फोडी. ‘दोनदा तळलेलं असतं,’ ती म्हणाली. ‘एकदा तळून थंड करतात, मग पुन्हा. मोजे घालून हातानंच खा.’

‘सुट्टीच्या दिवशीसुद्धा मोजे!’ हाडवैद्य म्हणाला आणि सगळे हसले. त्यानं एक तुकडा उचलून उलटासुलटा केला. ‘हे बघा. सांधा सोडून हाडावर घाव घातलाय. चुरा झालाय हाडाचा. माझ्या लायनीवर असं केलं असतं ना...’

‘बाबा, कामावरून उतरा आता,’ जावई म्हणाला. ‘खा.’

त्यानं खाल्लं. साल दाताखाली फुटली, आतून गरम रस आला, आणि मागाहून गोड, मग तिखट. हाडवैद्याला ते आवडलं. सत्तावीस वर्षांचा नेम एका घासात मोडल्याचा त्याला थोडा रागच आला, म्हणून त्यानं दुसरा तुकडा घेतला. बायकोही मोजे घालून हळूहळू खात होती आणि मुलीकडे पाहत होती.

मुलगी डाव्या हातानं काट्यानं मुळा टोचत होती. उजवा हात मांडीवर.

‘अगं, हातानं खा की,’ जावई म्हणाला. ‘परक्यासारखी काय बसलीस? थांब.’ त्यानं खोक्यातून मोजा ओढला, टेबलाखालून तिचा उजवा हात वर घेतला आणि लहान मुलाला घालावा तसा तो मोजा चढवला. शेजारच्या टेबलावरची बाई आपल्या नवऱ्याला कोपरानं ढोसून म्हणाली, ‘बघा, शिका जरा!’

हाडवैद्य मात्र मुलीच्या गळ्याकडे पाहत होता. मोजा चढताना तिच्या गळ्याची शीर ताठ झाली, आणि तिनं श्वास आत घेतला तो सोडलाच नाही. मग त्याची नजर मोज्यावर गेली, आणि हातातला तुकडा त्यानं खाली ठेवला.

‘मूठ आवळ,’ तो म्हणाला.

रोज सकाळी चाळीस जणांना ऐकू जाणारा तो आवाज होता. शेजारच्या टेबलावरची बाईही वळून पाहू लागली. मुलीला हा हुकूम चांगला माहीत होता. नऊ-दहा वर्षांची असताना तो कामावरून आला, की तीच दारात कमरेवर हात ठेवून सुपरवायझर व्हायची आणि त्याच्याकडून मुठी आवळून घ्यायची. आता तिनं दोन्ही पंजे पुढं केले. डावी मूठ मिटली. उजवीची चार बोटं मिटली आणि करंगळीशेजारचं मागं राहिलं.

‘दारात सापडलं,’ जावई म्हणाला. अजून कुणी काही विचारलंच नव्हतं. चोराच्या मनात चांदणं!

‘मोजा काढ.’

‘बाबा, खरंच दारात...’

‘तुम्ही गप्प बसा. काढ गं.’

तिनं काढला. दारात सापडलेली बोटं हाडवैद्यानं पोतंभर पाहिली होती. नख काळं पडतं, टोक चेपतं. इथं नख स्वच्छ होतं, फिकट गुलाबी रंगसुद्धा लावलेला होता. मधला सांधा मात्र सुजून जांभळा झालेला, आणि पुढचं पेर करंगळीवर कललेलं. हे बोट दारानं धरलेलं नव्हतं. धरून, एका बाजूला, सावकाश पिळलेलं होतं. हे ओळखायला त्याला डॉक्टर लागत नव्हता. पंख याच पद्धतीनं निघतो.

‘किती दिवस झाले?’

‘नऊ,’ मुलगी म्हणाली.

हाडवैद्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. जावई हसला. ते हसणंच त्याला महागात पडलं. ‘बाबा, घरातल्या गोष्टी हॉटेलात कशाला? तुम्हीच म्हणाला होतात ना, भांड्याला भांडं...’

हाडवैद्यानं टेबलावरून हात पुढं केला. जावयाला वाटलं, सासरा समेटाला हात देतोय. त्यानंही दिला. हाडवैद्यानं त्याचा अंगठा बुडापाशी धरला, दुसऱ्या हातानं मनगट धरलं आणि जरासा पीळ दिला. टक्.

जावई असा किंचाळला, की आतला आचारी झारा घेऊनच बाहेर आला. टेबल कलंडलं. थाळी, लाल सॉस, मुळ्याचं पाणी सगळं बाकावर आणि जमिनीवर. जावयानं डाव्या हातात सापडला तो चिमटा उचलून सासऱ्याच्या तोंडावर हाणला. भुवई फुटली, डोळ्यात रक्त उतरलं. पण सत्तावीस वर्षं रक्तात उभ्या राहिलेल्या माणसाला रक्ताचं काय! त्यानं जावयाची कॉलर धरून त्याला बाकावरून खेचला. दोघं सॉसवर घसरून पडले. जावयाचं डोकं पत्र्याच्या कडेवर आपटलं. हाडवैद्य त्याच्या छातीवर बसला आणि त्यानं त्याच्या तोंडावर ठोसा मारला, मग दुसरा, मग मोजता येणार नाहीत इतके. दात तुटून ओठाबाहेर आला. हातात अजून तो पातळ मोजा होता, आणि तो आता आतूनही ओला झाला होता.

‘हे कुठलं बोट? सांग!’ तो ओरडत होता. ‘हे दारातलं?’ टक्. ‘आणि हे? खिडकीतलं?’ टक्.

‘बाबा, पाया पडतो! बाबा!’

‘पड की! कोण नको म्हणतंय!’

खरं सांगायचं तर त्याला बरं वाटत होतं. मुलीसाठी वाईट वाटत होतं, जावयाची चीड होती, हे सगळं खरंच. पण त्याच्या खाली, पोटात, एक जुनं ओळखीचं सुख होतं. समोरचा माणूस आपल्या हाताखाली लहान लहान होत जातो, त्याचं सुख. सोळा वर्षं ते त्याला मिळालं नव्हतं. आचाऱ्यानं आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसानं बगलेत हात घालून त्याला मागं ओढला नसता, तर त्यानं दहाच्या दहा बोटं पुरी केली असती.

जावई रांगत दाराजवळच्या खुर्चीपाशी गेला आणि हात पोटाशी धरून रडू लागला. कुणीतरी पोलिसांना फोन केला. हाडवैद्य धापा टाकत उभा राहिला. भुवईचं रक्त त्यानं कोपरानं पुसलं. तो आता मोकळा होता, बरोबर होता, बाप होता. त्यानं मुलीकडे हात पुढं केला.

‘चल घरी,’ तो म्हणाला. ‘झालं ते झालं. बघू, दाखव हात.’

मुलीनं दोन्ही हात पाठीमागं नेले आणि ती भिंतीला चिकटली. तिचे डोळे भीतीनं मोठे झाले होते. हाडवैद्याला वाटलं, जावई पुन्हा उठून आला. त्यानं वळून मागं पाहिलं. मागं कुणी नव्हतं. जावई तिकडं खुर्चीवर होता.

‘अगं, मी आहे,’ तो म्हणाला.

‘तिला हात लावू नका,’ बायको म्हणाली.

ती इतका वेळ जागची हललीच नव्हती. टेबल कलंडलं तेव्हा नुसती पाय वर घेऊन बसली होती. आता तिनं आपले मोजे एकेक बोट ओढून काढले आणि बाजूला ठेवले.

‘मी? अगं, मी तिच्यासाठी...’

‘तिच्यासाठी फक्त अंगठा मोडलात. बाकीचं तुमच्यासाठी,’ ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. ‘मला तो चेहरा माहितीय. मी अकरा वर्षं खालून बघितलाय. तुम्हाला मजा येत होती.’

आचाऱ्यानं त्याच्या खांद्यावर ठेवलेला हात हळूच काढून घेतला आणि दोन पावलं मागं सरला.

‘ते मी कधीच सोडलं,’ हाडवैद्य म्हणाला. ‘सोळा वर्षं झाली! एकदा तरी हात लावला का?’

‘नाही लावला. पण तुम्ही खुर्चीवरून उठलात, की अजून मी आधी तुमचे हात बघते. मग तोंड.’

हे त्याला माहीत नव्हतं. सोळा वर्षं एका घरात राहून, रोज चाळीस जणांचे हात पाहून, त्याला हे माहीत नव्हतं. तो मुलीकडे वळला. तिनं तरी आपली बाजू घ्यावी, असं त्याला वाटलं.

‘बाबा,’ मुलगी म्हणाली, ‘त्या दिवशी मी तुमच्याकडेच आले होते ना.’

पुढं केलेला हात त्यानं मागं घेतला.

बायकोनं खाली पडलेली लाकडी काडी उचलली, रुमालानं पुसली, मधोमध मोडली. मुलीचं बोट दोन तुकड्यांच्या मधे धरून तिनं ते रुमालाच्या पट्टीनं बांधलं. घट्टही नाही, सैलही नाही. गाठ मारताना एकदाही थांबली नाही. असं बांधायला ती कधी आणि कुणावर शिकली, हे हाडवैद्याला विचारावं लागलं नाही.

‘आधी दवाखान्यात जातो,’ ती म्हणाली. ‘मग माझ्या बहिणीकडे.’

‘आणि घरी?’

‘कुणाच्या?’

तिनं मुलीला बाकाच्या कोपऱ्यातून बाहेर काढलं. दोघी सॉस चुकवत, एकमेकींना धरून, जावयाच्या खुर्चीसमोरून गेल्या. जावई काहीतरी बोलायला गेला, पण तोंडात रक्त होतं. काचेचं दार उघडलं, मिटलं. बाहेर बायकोनं मुलीची पिशवी आपल्या खांद्यावर घेतली आणि दोघी डावीकडे वळल्या. घर उजवीकडे होतं. हाडवैद्याला रडू आलं. पण लोक बघत होते, म्हणून त्यानं ते भुवईच्या रक्ताबरोबर पुसून टाकलं.

पोलीस आले ते दोघं. एक जावयाजवळ वाकून बसला, दुसऱ्यानं खिशातून वही काढली.

‘कुणी मारलं?’

‘मी,’ हाडवैद्य म्हणाला.

‘कुणाला?’

‘दिसत नाही का?’ जावई तिकडून ओरडला आणि त्यानं आपला हात वर केला. बोटं भलत्याच दिशांना गेली होती. ‘मला! आत टाका याला!’

‘मी यांना विचारतोय,’ पोलीस म्हणाला. ‘बोला. कुणाला मारलंत?’

हाडवैद्यानं मोजा ओढून काढला. तो बोटांना चिकटून फाटला.

‘बायकोला,’ तो म्हणाला.

पोलिसानं मान वर केली. ‘कुठंय बायको?’

‘गेली आत्ताच. मुलीला घेऊन.’

‘तिलाही मारलंत आज?’

‘आज नाही. लग्न झाल्यापासून अकरा वर्षं मारलं. मुलीनं ते नऊ वर्षांची होईपर्यंत पाहिलं. मुलीला कधी मारलं नाही. पण ती फुटलेला ओठ घेऊन माझ्याकडे आली, तेव्हा मीच तिला स्कूटरवर बसवून परत या माणसाकडे सोडली. याला आज मारलं. याचा एक अंगठा आणि दोन बोटं.’

‘काका,’ पोलीस म्हणाला, ‘मला फक्त आजचं सांगा. बाकीचं इथं लागत नाही.’

‘आजचं शेवटी येतं,’ हाडवैद्य म्हणाला. त्यानं पडलेली खुर्ची सरळ केली आणि तो तिच्यावर बसला. ‘तुम्ही पहिल्यापासून लिहा.’

पोलिसानं सोबत्याकडे पाहिलं. सोबत्यानं खांदे उडवले. मग पोलिसानं लिहिलेलं पान उलटलं, नवीन पानावर तारीख घातली आणि विचारलं, ‘लग्न कधी झालं?’